शिंगांचा खडखडाट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवलं आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, 'परदेशातले माझे अनुभव'. कालपासून निदान चार जणांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कॉम्प्युटरचं काही बोलू नकोस, लोक झोपतील. तेव्हा आज मी हरणांविषयी बोलणार आहे. जीवशास्त्राच्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. बाई, चुकलं तर तिथूनच सांगा. तीस वर्षांनी बाकावर उभं राहायलाही माझी हरकत नाही.

मी राहते अमेरिकेत, टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन शहरात. तिथून वायव्येला तास-दीड तास गाडी हाणली की डोंगराळ भाग लागतो. चुनखडीचे खडक, मध्येच ग्रॅनाइटचे उघडे गोटे, ओकची बुटकी झाडं आणि ज्यूनिपरची दाट झुडपं. तिकडचे लोक त्या ज्यूनिपरला 'सीडर'च म्हणतात. लँनो नावाचं एक छोटं गाव आहे, ते स्वतःला 'टेक्ससची हरणांची राजधानी' म्हणवतं. नोव्हेंबरमध्ये तिथल्या रस्त्यांवर, पेट्रोलपंपांवर, खानावळींतून सगळीकडे शिकारी दिसतात.

आपल्याला हे ऐकायलाच विचित्र वाटतं. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली. जंगलात गळून पडलेलं सांबराचं शिंगसुद्धा आपण उचलून घरी आणू शकत नाही. तिथं चित्र वेगळं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठी बेसुमार शिकार होऊन त्यांची हरणं संपत आली होती. मग कायदे आले, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७च्या एका कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. आज एकट्या टेक्ससमध्ये पन्नास लाखांच्या आसपास पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. लांडगे केव्हाच संपले. काही भागांत हरणं इतकी वाढतात की चारा पुरत नाही. ही बाजू मी तुम्हाला पटवायला सांगत नाही, मलाही ती पूर्ण पटलेली नाही. पण तिथला शिकारी म्हणजे आपल्या गोष्टींतला संस्थानिक नव्हे, एवढं लक्षात ठेवा. तो शाळेतला शिक्षक असतो, नळदुरुस्ती करणारा असतो. माझ्या बाबतीत ती आमच्या टीममधली एक टेस्टर होती. साठी ओलांडलेली बाई. आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि त्यात तिनं मला वर्षानुवर्षं रडवलंय.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये ती मला म्हणाली, "बंदूक माझ्याकडे असेल. तू फक्त गप्प बसायला ये." गप्प बसण्यासाठी मला कोणी बोलावण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. (हशा) हसू नका, बाईंना आठवत असेल.

आता थोडं जीवशास्त्र. काळविटाचं शिंग आयुष्यभर टिकतं. चितळ, सांबर आणि हे टेक्ससचं हरीण यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. ती हाडाचीच असतात. वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, आतून रक्त वाहत असतं. आपल्या चितळांमध्ये प्रत्येक नराचं वेळापत्रक निराळं, त्यामुळे नागझिऱ्यात कधीही गेलात तरी कुणाच्या ना कुणाच्या शिंगावर मखमल दिसेल. टेक्ससच्या हरणांचं तसं नाही. दिवस लहान होऊ लागला की सगळ्या नरांच्या शरीरात एकदमच बदल सुरू होतात. सप्टेंबरच्या सुमारास मखमल वाळते, ते झाडाच्या बुंध्याला शिंगं घासून ती काढून टाकतात, मान जाड होते, आणि नोव्हेंबरात त्या डोंगराळ भागात माजाचा काळ येतो.

माज म्हटलं की झुंज आली. पण प्राणी आपल्याला वाटतो तितका भांडखोर नसतो. हंगामाच्या सुरुवातीला नर एकमेकांशी हलकी शिंगाशिंगी करतात. मधल्या सुट्टीत आपली पोरं पंजा लढवायची ना, तशी. त्यातून कोण वरचढ आणि कोण दुय्यम हे ठरून जातं. खरी, जीव खाऊन होणारी झुंज सहसा दोन तुल्यबळ नरांत होते आणि बहुतेक वेळा मिनिटा-दोन मिनिटांत आटोपते. क्वचित दोघांची शिंगं एकमेकांत अशी अडकतात की सुटतच नाहीत, आणि दोघंही तिथंच मरतात.

अशी झुंज लागली की तिचा आवाज रानात दूरवर जातो. आजूबाजूचे नर तो ऐकून येतात. का येतात? कोणाला आपली सत्ता तपासायची असते. कोणाला वाटतं, दोघं भांडताहेत म्हणजे जवळपास मादी असणार. कोणी नुसतं बघायला येतं. शिकारी याचाच फायदा घेतो. गळून पडलेली शिंगांची एक जोडी घ्यायची, झुडपात दडून बसायचं आणि ती एकमेकांवर आपटायची. याला तिकडे 'रॅटलिंग' म्हणतात. आपण खडखडाट म्हणू.

आमच्या टेस्टरबाईंकडे वडिलांच्या वेळची जोडी होती. कपाळाजवळची टोकं करवतीनं कापलेली, नाहीतर वाजवताना आपलीच बोटं फुटतात. दोन्ही शिंगांना दोरी बांधून गळ्यात अडकवलेली. ती जोडी इथं आणणं शक्य नव्हतं. काल गॅदरिंगच्या पेटाऱ्यात या टिपऱ्या सापडल्या, त्यांवरच भागवते. बघा, आधी अगदी हलकं. (टिपऱ्या वाजवून दाखवल्या.) दोघं नुसते एकमेकांचा अंदाज घेताहेत. मग एकदम जोरात आदळायचं. मग घासायचं, पिळायचं, शिंगांत शिंगं गुंतल्यासारखं. मधूनच शिंगाच्या बुडख्यानं जमीन ठोकायची, म्हणजे खूर आपटल्याचा आवाज होतो. बाजूच्या झुडपाच्या फांद्या मोडायच्या. मिनिट-दोन मिनिटं हे करायचं आणि थांबायचं.

थांबणं सगळ्यांत अवघड. दहा-पंधरा मिनिटं हलायचं नाही. नवशिका दोन मिनिटांत कंटाळून पुन्हा वाजवतो, आणि निघालेलं हरीण त्याची हालचाल बघून परत फिरतं.

आता त्या सकाळचं सांगते. उजाडायच्या आधी आम्ही एका ज्यूनिपरला पाठ लावून बसलो. थंडी होती, वारा अगदी हलका. तिनं पहिल्यांदा वाजवलं, काही झालं नाही. वीस मिनिटांनी पुन्हा वाजवलं. तिचे हात थांबून अर्धं मिनिटही झालं नसेल, तोच समोरच्या उतारावर दगड खडखडले आणि एक तरुण नर अक्षरशः धावत आला. वय दीड वर्षाचं असेल, असं तिनं नंतर सांगितलं. शिंगं बोटाएवढी. अंगावरचे केस उभे, कान मागे पाडलेले. आमच्यापासून वीस पावलांवर येऊन थांबला. त्याला भांडण हवं होतं आणि भांडण कुठंच नव्हतं. तो इकडे बघे, तिकडे बघे. कान असे दोन्ही बाजूंना फिरवत होता. आवाज नेमका कुठून आला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त आवाज करणारं कोण आहे, एवढंच ठाऊक नव्हतं.

तिनं बंदूक उचललीच नाही. इतक्या लहान नराला ती मारत नाही. दोन-तीन मिनिटं तो तसाच उभा राहिला आणि मग आल्या वाटेनं, पण चालत, निघून गेला. जाताना मला तो ओशाळल्यासारखा वाटला. हे माझं म्हणणं, जीवशास्त्राचं नव्हे.

मी श्वास सोडणार, इतक्यात आमच्या पाठीमागून, अगदी जवळून, एक जोरदार फुत्कार आला. मी दचकून वळले तर झुडपात फक्त एक पांढरी शेपटी वर झालेली दिसली आणि मोठं धूड नाहीसं झालं. तो मोठा नर होता. त्यानंही तोच आवाज ऐकला होता. पण तो सरळ आला नाही. लांबून वळसा घालून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला, जिथं आमचा वास त्याच्याकडे वाहत जाणार होता. त्यानं आधी वास घेतला. आवाज दोन हरणांचा आणि वास दोन बायकांचा, हा हिशेब त्याला जुळला नाही, आणि तो गेला.

टेस्टरबाई हसून म्हणाल्या, "याला म्हणतात टेस्टिंग."

घरी आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे या विषयावर मिळेल ते वाचलं. दक्षिण टेक्ससमध्ये सिंटन गावाजवळ वेल्डर वन्यजीव क्षेत्र आहे. तिथं १९९०च्या दशकात मिकी हेलिकसन नावाच्या अभ्यासकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या खडखडाटाचा रीतसर प्रयोग केला. एकूण १७१ वेळा शिंगं वाजवली आणि १११ नर आले. कधी थोडा वेळ वाजवलं, कधी जास्त वेळ. कधी हळू, कधी जोरात. किती वेळ वाजवलं यानं फारसा फरक पडला नाही. पण जोरात वाजवल्यावर हळू वाजवण्याच्या जवळजवळ तिप्पट नर आले. एक माणूस खाली दडून वाजवत असे आणि दुसरा उंच मनोऱ्यावरून बघत असे. मनोऱ्यावरच्या माणसाला असे पुष्कळ नर दिसले, जे खाली वाजवणाऱ्याला दिसलेच नाहीत. म्हणजे येऊन, बघून, गुपचूप निघून जाणारेही बरेच असतात.

आणखी एक गोष्ट. या खडखडाटात सगळ्यांत मोठा धोका वाजवणाऱ्यालाच असतो. कारण तो आवाज ऐकून फक्त हरणं येत नाहीत, दुसरे शिकारीही येतात, हातात बंदूक घेऊन. झुडूप हलतंय, शिंगं दिसताहेत, आणि बोट घोड्यावर. म्हणून शिकारी भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घालतात. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. तिकडच्या शिकार प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात की आवाजावर कधीही गोळी झाडायची नाही. आपण कशावर नेम धरलाय हे डोळ्यांनी ओळखायचं, आणि त्याच्या मागे काय आहे तेही.

हे वाचताना मला आपली नववीतली नागझिऱ्याची सहल आठवली. भूगोलाच्या सरांनी आपल्याला मचाणाखाली अर्धा तास गप्प बसवलं होतं, आणि दोघं जण डबा उघडताना पकडले गेले होते. नावं घेत नाही, दोघंही आज प्रतिष्ठित आहेत. वानर ओरडलं आणि आपण सगळे "वाघ! वाघ!" करून उठलो. आपल्यासोबतचे वनरक्षक म्हणाले होते, "बसा खाली. वानर ओरडलं, आता चितळ ओरडते का पाहा. अन् सांबर ओरडलं तर मग समजा." एकाच्या आवाजावर जायचं नाही, दुसऱ्यानं दुजोरा दिला की मग. सांबराचं 'ढाँक' काही त्या दिवशी ऐकू आलं नाही, वाघही आला नाही. आपण हिरमुसलो होतो. त्या माणसानं आपल्याला केवढी गोष्ट शिकवली होती, ते मला कळायला तीस वर्षं आणि टेक्ससचं एक झुडूप लागलं.

आता ज्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला, तिकडे येते.

त्या सकाळी तो केस उभे राहिलेला पोरगा समोर आला तेव्हा मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण तीन महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, मी तेच केलं होतं.

तुम्हाला सगळ्यांना आठवतंय, मी कशाविषयी बोलतेय ते. शाळेच्या ग्रंथालयाचं छप्पर. आपण निधी जमवला, आपल्यातल्याच एकाला खजिनदार केलं. मग एके दिवशी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बँकेच्या पासबुकाच्या पानाचा एक अर्धा कापलेला फोटो आला. रोख पंच्याऐंशी हजार काढल्याची नोंद आणि खाली तीन प्रश्नचिन्हं. दहा मिनिटांत चाळीस मेसेज. इथं सकाळ होती, माझ्याकडे रात्र. मी दिवसभराच्या कामानं वैतागलेली. मी धावत आले. मी त्याला लिहिलं, "विश्वासानं पैसे दिले होते. हिशेब द्यायला एवढा वेळ लागतो का?" आणखीही लिहिलं, ते इथं पुन्हा बोलवत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला अंगठे दिले.

तो काही बोलला नाही. ग्रुप सोडून गेला.

पुढचं नंतर कळलं. ते पैसे टिनाचे पत्रे आणि मजुरी यांचे होते. पावती त्याच्या वहीत त्याच दिवशी चिकटवलेली होती. उत्तर द्यायला वेळ लागत होता, कारण तो नागपूरला इस्पितळात आईच्या उशाशी बसला होता. त्या काकू, ज्यांच्या हातचे पोहे आपण परीक्षेच्या सकाळी खाऊन जायचो. महिन्याभरात त्या गेल्या. माझा तो मेसेज त्यानं इस्पितळाच्या व्हरांड्यात उभं राहून वाचला होता.

तो फोटो कोणी टाकला, मुद्दाम टाकला की काळजीपोटी, हे मी विचारत नाही. माझा प्रश्न माझ्याशी आहे. मी चोवीस वर्षं संगणकाच्या क्षेत्रात आहे. माझ्या टेबलावर कुठलीही तक्रार आली की मी आधी विचारते, हे कुठून आलं, पूर्ण नोंद दाखवा, दुसऱ्या ठिकाणी पडताळलं का. पगार मिळतो म्हणून मी हे सगळं विचारते. आणि लहानपणापासूनच्या मित्राच्या बाबतीत मी एक फोनसुद्धा केला नाही. मला वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जायला दोन मिनिटं लागली असती.

नंतर मी त्याला खासगीत लिहिलं, "सॉरी रे, मला माहीत नव्हतं." सोबत हात जोडलेलं चित्र. त्यानं "ठीक आहे" लिहिलं. पण ते ठीक नव्हतं. आरोप मी चव्हाट्यावर केला होता आणि माफी कानात मागितली होती.

काल रात्री मी त्याला विचारलं, "उद्या स्टेजवर हे बोलू का?" तो वाढप्यांना पत्रावळ्या मोजून देत होता. म्हणाला, "बोल, पण आटोपशीर. वडाभात थंड झाला तर लोक मला बोलतील."

तर आटोपशीर बोलते. ज्या सगळ्यांसमोर मी तुझ्यावर शंका घेतली, त्या सगळ्यांसमोर सांगते. तुझा हिशेब पैन् पै बरोबर होता. ती वही मी काल ग्रंथालयात बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. तपासायला नव्हे, आधी पाहायला हवी होती म्हणून. मी चुकले. मला माफ कर. आणि काकूंचं सांत्वन करायला मी आले नाही, ते आता भरून निघणारं नाही, हेही मला माहीत आहे.

(इथं ते खजिनदार मित्र स्टेजवर आले. थोडा वेळ भाषण थांबलं.)

बसा, बसा. दोन मिनिटं उरली आहेत.

टेस्टरबाईंनी त्या दिवशी संध्याकाळी एक मादी मारली. शिंगं न वाजवता, नुसती वाट बघून. मी ते पाहिलं. त्याविषयी मला काय वाटलं, ते नीट सांगता येईल असं अजून वाटत नाही. मांस तिनं तिकडच्या गरजूंना पोहोचवणाऱ्या एका उपक्रमाला दिलं. थोडं घरी ठेवलं. मी खाल्लं की नाही हे ज्यांना विचारायचंय त्यांनी जेवताना विचारा, माईकवर नको, आई यूट्यूबवर बघतेय.

जाता जाता एकच विनंती. आपला ग्रुप पुन्हा सुरू झालाय, त्यात दोनशेच्या वर माणसं आहेत, निवडणुका येतात, सण येतात, आणि खडखडाट रोजचा आहे. जोरात वाजलं की जास्त लोक येतात, हे तर प्रयोगानं सिद्ध झालंय. पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणाबद्दल काही वाजलं, तर लिहिण्याआधी त्याला फोन करायचा. त्यानं उचलला नाही तर त्याच्या घरी करायचा. सगळ्यांच्या घरचे नंबर या स्मरणिकेच्या शेवटी देऊ या का, अशी सूचना मी समितीला केली होती. समिती म्हणाली, छापायला नको, प्रत्येकानं आपल्या वहीत लिहून घ्यावे. हेही बरोबर आहे. तेव्हा आज जेवणाआधी वह्या काढा.

बाई, सर, तुम्ही तेव्हा गप्प बसायला शिकवलंत. उशिरा का होईना, थोडं जमायला लागलंय.

वडाभात वाट बघतोय.